आराखडा पक्का होण्याआधी: नगररचनेच्या कामात नागरिकांच्या अभिप्रायाची जागा

पाणी, कचरा, दिवाबत्ती या कामांसाठी महापालिकेशी आपला रोजचा संबंध असतो. नगररचना विभागाची पायरी मात्र बहुतेक माणसे आयुष्यात एकदा-दोनदाच चढतात. घर बांधायचे असते, सोसायटीचा पुनर्विकास करायचा असतो, किंवा आपल्या जमिनीवर आरक्षण पडल्याचे अचानक कळलेले असते. त्यामुळे या विभागातला त्रास माणसे सोसतात आणि विसरतात. नळाला पाणी आले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार होते. बांधकामाची परवानगी उशिरा का होईना हाती पडली की उशिराबद्दल बोलायला कुणी परत येत नाही. पुढचा अर्जदार त्याच टेबलावर तितकेच दिवस थांबतो.

म्हणून या विभागाने लोकांचे म्हणणे स्वतःहून, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या पद्धतीने विचारायला हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आलेल्या उत्तरांमुळे एखादा नियम, एखादा अर्जाचा नमुना किंवा आराखड्यावरची एखादी रेघ बदलायला हवी. नुसत्या ऐकण्याने शहर सुधारत नाही. ऐकून काय बदलले हे लेखी सांगावे लागले, तरच सुधारणेला सुरुवात होते.

दोन प्रकारची कामे, दोन प्रकारचे अभिप्राय

नगररचना विभागाची कामे ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार एकेका अर्जदाराचा: झोन दाखला, भाग नकाशा, बांधकाम परवानगी, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र. इथे प्रश्न वेळेचा, खर्चाचा, फेऱ्यांचा आणि सचोटीचा असतो. दुसरा प्रकार साऱ्या शहराचा: विकास आराखडा, रस्तारुंदी, शाळा-मैदान-दवाखान्यांची आरक्षणे, डोंगर आणि नाल्यांचे संरक्षण. इथे काम किती लवकर झाले यापेक्षा कोणाचे म्हणणे विचारात घेतले गेले, याला महत्त्व असते.

या दोन्हींची सरमिसळ केली तर घोटाळा होतो. एखाद्या अर्जदाराला जादा मजल्याची परवानगी झटपट मिळाली तर तो विभागाला पैकीच्या पैकी गुण देईल. त्याच गल्लीतले पाणी, ड्रेनेज आणि वाहनतळ त्या मजल्याला पुरणार नसेल तर शेजाऱ्यांना ते वर्षानुवर्षे सोसावे लागेल, आणि ते तर खिडकीवर आलेलेच नसतात. अर्जदाराचे समाधान आणि शहराचे हित ही दोन्ही मोजायला हवीत, पण वेगवेगळ्या मापांनी.

बेंगळुरूने दिलेले गुण

अर्जदारांच्या अनुभवाचे काय करता येते, याचे भारतातले एक चांगले उदाहरण बेंगळुरूचे आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे माजी संचालक सॅम्युएल पॉल यांनी १९९४ मध्ये शहरातल्या सार्वजनिक सेवांचे नागरिकांकडून प्रगतिपुस्तक भरून घेतले. पाणीपुरवठा, वीज, दूरध्वनी, महापालिका आणि शहराच्या वसाहती आखून भूखंड वाटणारे बेंगळुरू विकास प्राधिकरण अशा यंत्रणांबद्दल मध्यमवर्गीय आणि झोपडपट्टीतल्या कुटुंबांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारले गेले. काम झाले का, किती खेटे घालावे लागले, कर्मचारी कसे वागले, वर पैसे द्यावे लागले का, असे ते साधे प्रश्न होते.

विकास प्राधिकरणाचा निकाल सर्वांत वाईट लागला. त्याच्या सेवेवर समाधानी असलेले लोक जेमतेम १ टक्का निघाले. हे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले. झाकून ठेवता येईल अशी ती बाब उरली नाही. विशेष असे की, सर्वांत कमी गुण मिळालेल्या या प्राधिकरणानेच पुढाकार घेऊन पॉल यांच्या पब्लिक अफेअर्स सेंटर या संस्थेकडे सुधारणेसाठी मदत मागितली.

१९९९ मध्ये दुसरे प्रगतिपुस्तक निघाले, तेव्हा प्राधिकरणावरचे समाधान १६ टक्क्यांपर्यंत चढले होते. २००३ च्या तिसऱ्या फेरीत ते ८५ टक्क्यांवर गेले. याचे सगळे श्रेय एका पाहणीला देणे बरोबर नाही. १९९९ पासून राज्य सरकारने नेमलेला कृतिगट, त्यात सहभागी झालेले उद्योजक आणि अधिकारी, नागरिक संघटनांचा पाठपुरावा हे सारे त्यामागे होते. पण या सगळ्यांच्या हाती एक समान मोजपट्टी होती आणि ती काही वर्षांनी पुन्हा लावली जाणार हे प्रत्येक खात्याला ठाऊक होते.

या प्रयोगातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पाहणी बाहेरच्या संस्थेने केली. निकाल जाहीर झाला. आणि तीच पाहणी पुन्हा पुन्हा झाली. यातली एकही गोष्ट गाळली तर उरते ती कार्यालयाच्या भिंतीवरची सूचनापेटी.

अर्जदार खरे का बोलत नाही

बाहेरच्या संस्थेचा मुद्दा जरा थांबून समजून घ्यायला हवा. बांधकाम परवानगीचे काम घरमालक स्वतः क्वचितच करतो. त्याच्या वतीने वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता नकाशे दाखल करतो. या मंडळींना त्याच अधिकाऱ्यांसमोर पुढच्या आठवड्यात दुसरी फाइल घेऊन जायचे असते. त्यामुळे व्यवस्थेतल्या अडचणींची सर्वांत बारीक माहिती ज्यांच्याकडे आहे, तेच उघडपणे बोलायला सर्वांत कमी तयार असतात. घरमालकालाही भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत गप्प राहणेच शहाणपणाचे वाटते.

यावर उपाय आहे. अभिप्राय निनावी असावा, काम पूर्ण झाल्यावर घ्यावा आणि ज्या विभागाबद्दल तो आहे त्याच्या हाती नावे पडू नयेत. ज्यांचे अर्ज फेटाळले गेले किंवा ज्यांनी कंटाळून अर्ध्यात सोडून दिले, त्यांनाही विचारावे. परवानगी मिळालेल्यांनाच विचारले तर उत्तर गोड येणारच.

आणखी एक मोठा गट कार्यालयापर्यंत पोचतच नाही. शहरांच्या कडेला गुंठा-दोन गुंठे जमीन घेऊन घरे बांधलेली लाखो कुटुंबे आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवण्यात आली. पण कायदा असूनही एखाद्या वस्तीतून अर्ज येत नसतील, तर त्याचे कारण खिडकीवर बसून कळणार नाही. शुल्क परवडत नाही, मोजणी झालेली नाही, कागद गावच्या चुलत्याच्या नावावर आहेत, की अर्ज केला तर घर पाडतील अशी भीती आहे? हे वस्तीत जाऊनच विचारावे लागते.

टप्प्याटप्प्याने विचारावे

“आपण आमच्या सेवेवर समाधानी आहात का?” या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. परवानगीची वाट अनेक टप्प्यांची असते. अर्ज आवक होतो, कागदपत्रांची छाननी होते, जागेची पाहणी होते, अग्निशमन, वृक्ष, जलनिःसारण अशा खात्यांचे ना हरकत दाखले लागतात, शुल्क भरावे लागते. मग बांधकाम प्रारंभ, जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा. त्रास नेमका कोणत्या टप्प्यावर झाला हे कळले तरच दुरुस्ती करता येते.

प्रत्येक टप्पा ओलांडला की अर्जदाराच्या मोबाइलवर तीनच प्रश्न जावेत: या टप्प्याला किती दिवस लागले, किती वेळा यावे लागले, आणि नियमात नसलेले काही मागितले गेले का. संगणक पहिल्याचे उत्तर स्वतःच देऊ शकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याचे उत्तर फक्त माणूस देऊ शकतो. ऑनलाइन प्रणालीत अर्ज दहा दिवसांत पुढे सरकल्याचे दिसत असेल आणि त्या दहा दिवसांत अर्जदार पाच वेळा कार्यालयात येऊन गेला असेल, तर कागदाचा प्रवास सुधारला, माणसाचा नाही.

विभागाच्या हाती आधीपासून असलेली आणि सहसा दुर्लक्षित राहणारी माहितीही इथे उपयोगी पडते. ती म्हणजे छाननीत काढलेल्या त्रुटी. वर्षभरातल्या त्रुटीपत्रांची प्रकारवार मोजदाद केली तर काही चुका पुन्हा पुन्हा दिसतील. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्र आणि मोजणी नकाशातले क्षेत्र जुळत नाही, वाहनतळाची मापे चुकतात, सामासिक अंतर कमी पडते. शेकडो अर्जदार एकच चूक करत असतील तर दोष अर्जदारांचा नसतो. अर्जाचा नमुना अपुरा आहे, नियमाचे वाक्य क्लिष्ट आहे किंवा दोन खात्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. हा आपसूक मिळणारा अभिप्राय आहे आणि तो मिळवायला वेगळा पैसा लागत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीमागेही हाच धडा होता. मुंबई आणि काही अपवाद सोडता, वेगवेगळ्या शहरांचे वेगवेगळे नियम जाऊन बहुतांश राज्यासाठी एक नियमावली आली आणि लहान भूखंडांवरच्या घरांसाठी कार्यपद्धती सोपी करण्यात आली. लहान घरालाही मोठ्या संकुलाइतकाच कागदांचा डोंगर पार करावा लागतो, हे गाऱ्हाणे फार जुने होते.

मोजमाप कोणाचे होते, हेही पाहावे

मोजमाप चुकीच्या जागी लावले तर सुधारणाही अपुरी राहते. जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभतेच्या यादीत ‘बांधकाम परवानगी’ या सदरात भारत २०१७ मध्ये १८१ व्या क्रमांकावर होता. २०१८ मध्ये तो ५२ वर आणि २०१९ मध्ये २७ वर आला. ही माहिती मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांतून गोळा केली जाई. या शहरांत एक खिडकी, ऑनलाइन दाखले, कमी टप्पे असे खरे बदल झाले आणि ते स्वागतार्हच होते.

पण त्या यादीसाठी डोळ्यांसमोर ठेवलेली इमारत एक गोदाम होती आणि माहिती देणारे प्रामुख्याने व्यावसायिक होते. चाळीच्या पुनर्विकासात अडकलेला भाडेकरू, किंवा सोलापूर-नांदेडमध्ये दीड गुंठ्यावर घर बांधणारा शिक्षक त्यात कुठेच नव्हता. पुढे आकडेवारीतल्या अनियमिततेमुळे २०२१ मध्ये बँकेने ती यादीच बंद केली. क्रमांक वर जाणे आणि आपल्या शहरातल्या सामान्य माणसाचे काम सोपे होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट मोजण्याची जबाबदारी आपल्या महापालिकांनीच घ्यायला हवी.

आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क

आता दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे साऱ्या शहराच्या आराखड्याकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार महापालिकेला विकास आराखडा करावा लागतो आणि साधारणपणे २० वर्षांतून एकदा तो सुधारावा लागतो. लोकांचे म्हणणे मागवणे या कायद्यात ऐच्छिक नाही, ते बंधनकारक आहे.

वाट अशी आहे. कलम २३ प्रमाणे महापालिका आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते आणि त्यावरही सूचना-हरकती मागवते. कलम २५ खाली सध्याच्या जमीनवापराचे सर्वेक्षण होते. कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवल्या जातात. कलम २८ खाली नियोजन समिती त्यांची सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचनेतले जास्तीत जास्त ४ जाणकार असतात. नंतर आराखडा राज्य शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजूर होतो. शासनाला मोठा बदल करायचा असेल तर तेवढा भाग पुन्हा प्रसिद्ध करून त्यावर हरकती मागवाव्या लागतात.

बहुतेक नागरिक जागे होतात ते कलम २६ च्या टप्प्यावर, घरावरून रस्ता गेलेला दिसला की. तोवर आखणी झालेली असते, तिच्याभोवती अनेकांचे हितसंबंध उभे राहिलेले असतात आणि बदल मागणारा अडथळा आणणारा ठरतो. खरे तर इरादा जाहीर होतो आणि सर्वेक्षण चालते, तोच बोलण्याचा सर्वांत मोलाचा काळ असतो.

मुंबई: सर्वेक्षणातल्या चुकांची किंमत

मुंबईच्या २०१४-३४ च्या आराखड्यात सर्वेक्षणाच्या टप्प्याकडे केलेले दुर्लक्ष महागात पडले. सध्याच्या जमीनवापराचे नकाशे समोर आले तेव्हाच नागरिक संघटनांनी आणि अभ्यासकांनी त्यांतल्या अनेक चुका दाखवल्या होत्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते, नोंदच नसलेल्या वारसा वास्तू, आरे वसाहतीची जागा विकासाला खुली करण्याचा प्रस्ताव, ठिकठिकाणी भरमसाट वाढवलेला चटई क्षेत्र निर्देशांक अशा बाबींवर शहर पेटून उठले. हरकतींचा आकडा हजारोंच्या घरात गेला. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा दुरुस्त करण्याचा आदेश दिला.

निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे फेररचनेचे काम आले. मे २०१६ मध्ये सुधारित आराखडा प्रसिद्ध झाला. त्यावर पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या होऊन अखेर २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ज्या आराखड्याची मुदत २०१४ पासून मोजली जात होती, त्याची पहिली ४ वर्षे तो दुरुस्त करण्यातच गेली. सर्वेक्षणाच्या वेळी दाखवलेल्या चुका तेव्हाच सुधारल्या असत्या, तर यातला बराच वेळ वाचला असता.

तरीही मुंबईच्या लोकांनी त्या वेळी जे केले त्याचे मोल मोठे आहे. वॉर्डावॉर्डांतल्या संघटनांनी नकाशे वाचायला शिकवले, हरकतींचे नमुने तयार केले, मैदाने आणि मंडया स्वतः जाऊन मोजल्या. शहराच्या जमिनीबद्दल इतक्या मोठ्या संख्येने लोकांनी विचार केल्याचे प्रसंग विरळाच.

पुणे: एक निष्फळ फेरी, एक फळलेली चळवळ

पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. सुनावण्या झाल्या, पण नियोजन समितीतच एकमत होईना. नगरसेवक सदस्य आणि तज्ज्ञ सदस्य यांच्या शिफारशी वेगवेगळ्या झाल्या. २०१५ मध्ये शासनाने आराखडा आपल्या ताब्यात घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. इतक्या लोकांनी लिहिलेल्या म्हणण्याचे पुढे काय झाले, कोणती सूचना का घेतली आणि कोणती का वगळली, हे सामान्य हरकतदाराला सोप्या भाषेत कळण्याची सोय असायला हवी होती.

त्याच शहरात दुसरे उदाहरणही आहे. १९९७ मध्ये २३ गावे पुण्यात आली, तेव्हा त्यांच्यासोबत शहराभोवतालच्या टेकड्याही हद्दीत आल्या. त्या बांधकामापासून वाचवण्यासाठी नागरिकांनी जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाची मागणी लावून धरली. ‘टेकडी वाचवा’ एवढीच घोषणा देऊन ते थांबले नाहीत. नेमके कोणते क्षेत्र, कोणते आरक्षण हे त्यांनी आराखड्याच्या भाषेत सांगितले. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१५ मध्ये शासनाने ९५० हेक्टरांहून अधिक टेकड्यांवर हे आरक्षण मान्य केले. जमीनमालकांच्या मोबदल्याचा प्रश्न त्यानंतरही अवघड राहिला, तरी नागरिकांचे म्हणणे आराखड्यावर रंगाच्या रूपाने उमटू शकते हे त्यातून दिसले.

हरकत कशी लिहावी

नियोजन समितीपुढे हजारो कागद असतात. त्यांत आपला कागद वाचला जावा यासाठी थोडी काळजी घ्यावी.

• जागा नेमकी सांगावी: नकाशाचा किंवा पत्रकाचा क्रमांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, रस्त्याचे नाव.
• चूक आणि मागणी वेगवेगळी लिहावी. “इथे शाळा आधीच आहे” ही वस्तुस्थिती झाली, “म्हणून आरक्षण शेजारच्या मोकळ्या जागेवर न्यावे” ही मागणी झाली.
• पुरावा जोडावा: छायाचित्र, मिळकत पत्रिका, जुना मंजूर नकाशा.
• केवळ नकार देऊ नये. शक्य असेल तिथे पर्यायी जागा किंवा पर्यायी आखणी सुचवावी.
• पोच घ्यावी आणि सुनावणीला हजर राहावे.
• एकाच मजकुराच्या शेकडो प्रती देण्यापेक्षा वस्तीने मिळून एक सविस्तर निवेदन आणि त्याखाली सह्या द्याव्यात.

वेळेत काम मिळण्याचा हक्क

आता पुन्हा पहिल्या प्रकाराकडे, एकेका अर्जदाराकडे. त्याच्या बाजूने कायदाही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली झोन दाखला, भाग नकाशा, बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र अशा सेवा अधिसूचित झालेल्या आहेत. प्रत्येक सेवेला मुदत आणि जबाबदार अधिकारी ठरलेला असतो. मुदत टळली किंवा सबळ कारणाशिवाय नकार मिळाला तर त्याच यंत्रणेत पहिले आणि दुसरे अपील करता येते, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

असे अपील करणे म्हणजे भांडण नव्हे. एका फाइलचा विलंब त्यामुळे अधिकृत नोंदीत येतो, आणि नोंदी साचल्या की कोणत्या कार्यालयात कोणते काम अडते हे शासनाला नाकारता येत नाही. जे अपील करतात ते आपल्या मागून येणाऱ्या अर्जदारांचेही काम करत असतात.

महापालिकेने काय करावे

वरच्या अनुभवांतून महापालिकांसाठी काही ठोस कामे निघतात, आणि त्यांसाठी नव्या कायद्याची गरज नाही.

• दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून निनावी पाहणी करून घ्यावी आणि निकाल विभागवार जाहीर करावा.
• त्रुटीपत्रांची प्रकारवार संख्या दर तिमाहीला प्रसिद्ध करावी आणि सर्वाधिक येणाऱ्या त्रुटींसाठी अर्जाचा नमुना सुधारावा.
• विकास आराखड्याचे नकाशे आणि त्यांचा सारांश सोप्या मराठीत, क्षेत्रीय कार्यालयांत, मोठ्या आकारात लावावा आणि ते समजावून सांगणारा माणूस तिथे बसवावा.
• जमीनवापराचे सर्वेक्षण आखणीपूर्वी लोकांना दाखवून दुरुस्त करून घ्यावे.
• प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर द्यावे आणि सर्व उत्तरे एकत्र पाहता यावीत.
• वस्तीवस्तीत सभा घ्याव्यात. क्षेत्रसभांची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे, ती कागदावर राहू नये.

यातले शेवटचे काम विशेष निकडीचे आहे. २०२२ नंतर राज्यातल्या अनेक महापालिकांत काही वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते आणि प्रशासकांच्या हाती कारभार होता. नगरसेवक नसतो तेव्हा लोकांचे म्हणणे वर पोचण्याची रोजची वाटच बंद होते. अशा वेळी अभिप्रायाची पक्की व्यवस्था असलेले शहर आणि नसलेले शहर यांतला फरक प्रत्येक वस्तीला जाणवतो.

उत्तर देणे हेच काम

नगररचनेतल्या चुका फार काळ टिकतात. चुकीच्या जागी पडलेला रस्ता, बुजवलेला नाला, शाळेची गेलेली जागा दोन-तीन पिढ्या भोगतात. म्हणून इथे नागरिकाचे म्हणणे ऐकण्याला वेळ लागतो ही सबब चालणार नाही. मुंबईत न ऐकण्याने जास्त वेळ गेला.

प्रत्येक महापालिकेने अर्थसंकल्पासोबत दरवर्षी एक छोटी पुस्तिका काढावी. लोकांनी काय सांगितले, त्यातले काय बदलले, काय बदलले नाही आणि का नाही, एवढेच तिच्यात असावे. ती मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. ती कधी निघणार, हा आपल्या प्रभागातल्या पुढच्या सभेतला पहिला प्रश्न असावा.